त्याच्या देशाचं नाव मी लिहिणार नाही

पत्र

ताई, नमस्कार.

माझं माहेर जामनेर तालुक्यातलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तीन आठवड्यांपूर्वी माझा धाकटा भाऊ गेला. दिवेलागणीला नेरीहून मोटारसायकलवर घरी येत होता. अजिंठ्याहून जळगावकडे निघालेल्या एका परदेशी पर्यटकाच्या गाडीने त्याला उडवलं. गाडी मुंबईहून भाड्याने आणलेली, तो स्वतःच चालवत होता, शेजारी त्याची बायको. तो पळाला नाही. लोक जमले, त्याला मारलंही, तरी १०८ची गाडी येईपर्यंत तो तिथेच होता. माझा भाऊ जळगावला पोहोचण्याआधीच गेला.

दुसऱ्या दिवशी चुलतभावांनी भावाच्या नावाने इन्स्टाग्रामवर पान उघडलं. आधी फक्त त्याचा फोटो होता. आता रोज त्या देशाच्या लोकांना शिव्या असतात. ‘दिसतील तिथे ठोका’, ‘तिथेच संपवायला पाहिजे होता’, ‘अजिंठ्याला येणारा एकही सुटता कामा नये’. स्क्रीनशॉट सोबत पाठवते आहे. एक फोटो हजारो लोकांनी पुढे पाठवला आहे. तो त्या माणसाचा नाहीच, दुसऱ्याच कुणा पर्यटकाचा आहे. मी काढा म्हटलं तर थोरला चुलतभाऊ म्हणाला, ‘तुला भावापेक्षा तो जवळचा झाला का?’ हा भाऊ सुरतेला उधन्यात टेम्पो चालवतो, पान तिथूनच चालवतो. आता माझा रडतानाचा व्हिडिओ मागतो आहे.

त्या माणसाच्या बायकोने मला संदेश पाठवला. माफी मागितली आहे, आईला भेटायला येऊ का विचारलं आहे. मी उत्तर दिलेलं नाही. खरं सांगते, वाचून दया आली नाही, संताप आला. तो माणूस मला डोळ्यांसमोर नको आहे. मग त्या पोस्ट काढायला मी का सांगते आहे? सगळे म्हणतात तो जामीन घेऊन देश सोडून जाईल आणि आपण बघत राहू. मी काय करू?

— एक बहीण

उत्तर

ताई,

त्या बाईचा संदेश वाचून दया आली नाही, हे तुम्ही लपवलं नाहीत. लपवायचं कारणही नाही. तीन आठवड्यांत कुणाला दया येईल? त्या माणसाला शिक्षा व्हावी, तो डोळ्यांसमोर येऊ नये, असं तुम्हाला वाटतं यात काहीच वावगं नाही. हा राग एका माणसावर आहे, त्याच्या हातून घडलेल्या एका गोष्टीसाठी आहे. पानावर जे चाललं आहे त्याचा त्या गोष्टीशी फारसा संबंध उरलेला नाही. हे तुम्हाला आतून कळलं, म्हणून तुम्ही पोस्ट काढायला सांगितलंत. तुम्ही योग्यच सांगितलंत, आणि त्यात भावाशी कसलीही बेइमानी नाही.

पत्र छापताना मी त्यातून त्या माणसाच्या देशाचं नाव काढलं आहे. तुम्ही ते जागोजागी लिहिलं होतं. साहजिक आहे, तीन आठवडे तुमच्या कानांवर तेच पडतं आहे. पण नाव काढून पत्र पुन्हा वाचलं, तर त्यातलं काहीच कमी झालेलं नाही. दिवेलागणीची वेळ, नेरीकडचा रस्ता, भाड्याची गाडी, मोटारसायकलवरचा मुलगा. अपघात कसा घडला ते कळायला जे लागतं, ते सगळं जागेवर आहे.

तो रस्ता तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. जळगावपासून अजिंठा साठेक किलोमीटर. जगभरातले लोक लेणी बघायला जळगावला नाहीतर भुसावळला गाडीतून उतरतात आणि याच वाटेने लेण्यांजवळच्या फर्दापूरला जातात. चौपदरीकरण वर्षानुवर्षं रेंगाळलं. कापसाच्या दिवसांत त्याच रस्त्यावर मागे लाल दिवा नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या अंधारात चालतात, हे आपण सगळेच बघतो. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, हा केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा आकडा. त्यात चाळीस टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती. त्या गाड्या चालवणारे जवळपास सगळे याच देशातले होते.

याचा अर्थ तो माणूस निर्दोष, असा मुळीच नाही. त्याचा वेग किती होता? ओव्हरटेक करताना तो समोरच्या बाजूला आला होता का? आपल्याकडे गाडी चालवायला लागणारा आंतरराष्ट्रीय परवाना त्याच्याकडे होता का? भाड्याने गाडी देणाऱ्याने तो तपासला का? त्या जागी दिवे होते का, पट्टे होते का, अर्धवट कामाचा फलक होता का? तुम्ही पाठवलेले स्क्रीनशॉट मी सगळे वाचले. त्यांत यातला एकही प्रश्न नाही. तुमच्या भावाच्या नावाने उघडलेल्या पानावर तुमच्या भावाचा मृत्यू कसा झाला हेच कुणी विचारत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. देशाला शिव्या दिल्या की बाकी सगळे सुटतात. चालक सुटतो, गाडीचा मालक सुटतो, रस्त्याचा कंत्राटदारही सुटतो.

आता जे लिहिते ते वाचायला जड जाईल. तो माणूस थांबला होता. मार खाऊनही थांबला होता. अपघातानंतर जखमीला उपचार मिळतील यासाठी चालकाने शक्य ते सगळं करायचं, असं मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ सांगतं. पण त्याच कलमात एक सूट आहे. जमावाच्या रोषामुळे ते शक्य नसेल, तर चालकाला सवलत आहे. म्हणजे रस्त्यावर काय होतं हे कायदा लिहिणाऱ्यांनाही ठाऊक होतं. ठोकून पळणाऱ्यांतले कितीतरी जण लोकांच्या माराला भिऊन पळतात, आणि मागे जखमी माणूस डांबरावर पडून राहतो. पहिला तास हातातून जातो. ज्याला वाचवता आलं असतं तोही जातो.

‘तिथेच संपवायला पाहिजे होता’ ही पोस्ट कोण वाचतं आहे याचा विचार करा. जळगाव, जामनेर, पाचोऱ्याचे टॅक्सीवाले, पिकअपवाले, क्रूझरवाले. थांबलेल्या माणसाला काय मिळतं, हे ते त्या पोस्टमधून शिकत आहेत. उद्या पहूरच्या पुढे यांच्यातल्या कुणाच्या चाकाखाली कुणाचं पोर आलं, तर तो खाली उतरेल की गाडी दामटेल? भावावरच्या मायेपोटी चाललेल्या पानामुळे दुसऱ्या कुणाच्या भावाचा शेवटचा तास वाया जाऊ शकतो. थोरल्या चुलतभावाला हे एकच सांगितलंत तरी पुरे. तो स्वतः स्टिअरिंगवर बसतो. त्याला हे तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर कळेल.

‘हे सगळं मोबाइलवरच तर आहे,’ असं घरात कुणी म्हणेल. खान्देशातल्या माणसाने हे म्हणू नये. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडे बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होते. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत त्या बाजारात आले. त्यांतला एक जण एका लहान मुलीशी बोलला, एवढं निमित्त झालं. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारलं. पाचही जण मेले. मराठी बोलणारी, बहुतेक याच महाराष्ट्रातली माणसं होती ती. त्या जमावाच्या लेखी ती परकी होती, तेवढं पुरलं. देशभरातल्या अशाच हत्यांनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने एक संदेश एका वेळी पाच ठिकाणांपलीकडे पाठवता येणार नाही अशी मर्यादा भारतात घातली. ज्यांनी ते संदेश पुढे ढकलले होते, त्यांच्यातल्या बहुतेकांनी राईनपाडा पाहिलंही नसेल. आपण कुणाला मारतो आहोत असं त्यांना वाटलंच नसणार.

म्हणून तुमच्या पत्रातली मला सगळ्यात धास्ती वाटली ती त्या चुकीच्या फोटोची. तो ज्याचा आहे, तो कदाचित या क्षणी फर्दापूरला बसची वाट बघत उभा असेल. हजारो मोबाइलमध्ये त्याचा चेहरा खुनी म्हणून आहे आणि त्याला पत्ताही नाही. बाकीचं सगळं नंतर करा, हे आज करा. थोरल्या चुलतभावाला एकट्याला फोन लावा, गटात लिहू नका. गटात चारचौघांसमोर माघार घेणं कुणालाही जमत नाही. त्याला सांगा, फोटो चुकीचा आहे, काढून टाक, आणि ‘आधीचा फोटो चुकीचा होता’ असं त्याच पानावर लिही. नाही ऐकलं, तर तुम्ही स्वतः इन्स्टाग्रामकडे तक्रार नोंदवा आणि जळगावच्या सायबर पोलिसांना कळवा. घरच्या माणसाची तक्रार कशी करू, असं वाटेल. पण भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली वंश, जन्मस्थान, भाषा यांवरून गटागटांत शत्रुत्व पेटवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. उद्या कुणाला खरंच मारहाण झाली, तर त्या पानामागचा माणूस पहिला सापडेल. तुमच्या घरातून एक मुलगा गेला आहे. दुसऱ्याला कोर्टाच्या पायऱ्यांपासून लांब ठेवणं ही मायाच आहे.

उधन्याचंही त्याच्याशी बोला. उधना, लिंबायत, पांडेसरा इथे खान्देशातली किती घरं पोटासाठी गेली आहेत हे त्याला सांगायला नको. उद्या तिथे त्याच्या टेम्पोचा अपघात झाला आणि सुरतेच्या लोकांनी सगळ्या खान्देशी माणसांवर बोट ठेवलं, तर काय होईल? हे त्याला टोमणा म्हणून ऐकवू नका, खरोखर विचारा आणि तो काय म्हणतो ते ऐका. शेकडो किलोमीटर लांब आहे, भावाचं तोंडही त्याला धड बघता आलं नसेल. हातात मोबाइल सोडून दुसरं काही नाही. त्याला काम द्या, तो शिव्या देणं थांबवेल असा माझा अंदाज आहे.

कामाची गोष्ट तातडीची आहे. त्या पानावर आसपासच्या गावांतली हजारो माणसं आहेत. त्यांना एवढंच विचारा: त्या संध्याकाळी त्या वेळी नेरी-पहूर रस्त्यावर कोण होतं? कुणी पाहिलं? रस्त्यालगतचा पेट्रोल पंप, ढाबा, जिनिंग, कुणाकडे कॅमेरा आहे का? कॅमेऱ्यातलं चित्रण काही आठवड्यांत आपोआप पुसलं जातं. तीन आठवडे झाले आहेत, कदाचित काही शिल्लक असेल. मिळालं तर परस्पर पानावर टाकू नका, तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज देऊन कळवा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. तुमच्या रडण्याच्या व्हिडिओपेक्षा दहा सेकंदांचं हे चित्रण भावाच्या जास्त उपयोगाचं आहे. व्हिडिओ देऊ नका. ज्याला तुमच्या दुःखात सामील व्हायचं असेल, तो दारावर येईल.

आता तो पळून जाईल ही भीती. ती खोटी नाही, आणि मला वाटतं पानावरचा निम्मा राग याच भीतीतून आला आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल संहितेच्या कलम १०६ मध्ये पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हा गुन्हा जामीनपात्र आहे, जामीन मिळेल, मनाची तयारी ठेवा. पण आरोपी परदेशी असेल, तर पासपोर्ट जमा करावा, परवानगीशिवाय देश सोडू नये, अशी मागणी कोर्टाकडे करता येते; ती मान्य होईलच असं नाही. लुक आउट परिपत्रक काढलं की विमानतळावर त्याला अडवता येतं. हे आपोआप होत नाही, मागावं लागतं. वडिलांच्या सहीने तपास अधिकाऱ्याला आणि सरकारी वकिलांना अर्ज द्या.

आणि समजा तो गेलाच, तरी तुमच्या आईवडिलांचा नुकसानभरपाईचा दावा त्याच्याबरोबर विमानात बसून जात नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातला दावा चालकासोबतच गाडीचा मालक आणि विमा कंपनी यांच्यावर असतो. गाडी मुंबईची, विमा इथला. परवान्यात खोट निघाली, तरी विमा कंपनीने आधी वारसांना पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, असे आदेश न्यायालयांनी अनेकदा दिले आहेत. चूक कुणाची हे सिद्ध न करता मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली मृत्यूसाठी पाच लाख मिळतात. कलम १६६ खाली वय आणि कमाई बघून रक्कम ठरते, तरुण कमावत्या मुलाच्या बाबतीत ती बरीच जास्त होऊ शकते, पण तिथे निष्काळजीपणा दाखवावा लागतो. दोन्हींतला कुठला मार्ग घ्यायचा हे वकिलाला विचारल्याशिवाय कशावरही सही करू नका. पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. पहिल्याची प्रत आजवर मिळाली नसेल तर मागा.

अशा लढाईने काय होतं, याचं एक उदाहरण लांबचं आहे, पण तुमच्यासाठी नेमकं आहे. ६ एप्रिल २०१८ रोजी कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात हम्बोल्ट गावच्या आइस हॉकी संघाची बस एका ट्रकवर आदळली. सोळा जण गेले, बहुतेक कोवळी मुलं. ट्रकचा चालक आपल्या भारतातून तिकडे गेलेला होता. त्याने थांब्याची पाटी ओलांडली होती. त्याने गुन्हा कबूल केला, आठ वर्षांची शिक्षा झाली. भारतीय ट्रकचालकांवर तेव्हा तिकडे काय काय लिहिलं गेलं ते तुम्हाला सांगायला नको, तुमच्या पानावरचे शब्द उलटे फिरवले की झालं. पण मुलं गमावलेल्यांतल्या काही आईबापांनी वेगळा प्रश्न धरून ठेवला: ट्रक चालवायला इतकं कमी शिकवलेल्या माणसाच्या हाती एवढा मोठा ट्रक दिला कसा? पुढच्या वर्षी सस्कॅचवान, अल्बर्टा आणि मॅनिटोबा या प्रांतांत ट्रकचालकांना परवान्याआधी ठरावीक प्रशिक्षण सक्तीचं झालं. त्या आईबापांतल्या काहींनी चालकाला माफ केलं, काहींनी आजवर केलेलं नाही. दोघांनाही तो अधिकार आहे. माफ न करताही तो प्रश्न धरून ठेवता येतो.

राहिला त्या बाईचा संदेश. उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही. पण न देता मनात घोळत राहणार असेल, तर एवढंच लिहा: ‘तुमचा संदेश मिळाला. आम्ही आत्ता कुणाला भेटण्याच्या स्थितीत नाही. तुम्हाला येणाऱ्या धमक्या आमच्या आईवडिलांच्या संमतीने दिलेल्या नाहीत. खटल्याबद्दल जे बोलायचं ते वकिलांमार्फत बोला.’ माफ केलं असं लिहू नका, करणार नाही असंही लिहू नका. पैशांचा विषय तिकडून निघाला, तर उत्तर न देता वकिलाला दाखवा.

भेटीचं मात्र तुम्ही ठरवू नका, चुलतभावांनी तर नाहीच. ती आईला भेटू मागते आहे, तेव्हा आईला विचारा. आपल्याकडे वर्षानुवर्षं बोलणं नसलेले भाऊबंदही मयताच्या घरी दारावर येतात, बसतात, पाणी घेऊन उठून जातात, आणि त्याने भांडण मिटलं असं कुणी धरत नाही. आई हो म्हणाली, तर घरातले दोन वडीलधारे सोबत असू द्या, वकिलाला आधी कळवा, आणि कुणाचाही मोबाइल बाहेर निघणार नाही हे बघा. नाही म्हणाली, तर विषय संपला, पुन्हा विचारू नका.

फोटोचं आज उरकलं की उद्या एक वही करा. पहिल्या पानावर अपघाताची तारीख लिहा आणि तिच्याखाली सहा महिन्यांनंतरची तारीख. त्या आत दावा दाखल व्हायला हवा, असं कायदा सांगतो. भावाच्या कमाईचे कागद, वयाचा दाखला, गाडीचे कागद, शवविच्छेदन अहवाल आणि एफआयआरची प्रत एका पिशवीत ठेवा. वकील परवडत नसेल, तर १५१०० या क्रमांकावर विधी सेवा प्राधिकरणाला फोन करा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता वकील मोफत मिळतो, म्हणून दाव्यात आईचं नाव आधी घाला आणि फोन तुम्हीच लावा. वडिलांना त्या रांगेत आता उभं करू नका.